पापणीआडचा रंग

कल्हईवाल्याने तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकली की डोळ्यांत पाणी आणणारा पांढरा धूर उठतो. त्या वासाने माझा श्वास आजही अडखळतो. इतरांना त्यातून लखलखती भांडी आठवत असतील. मला आठवतं एका म्हाताऱ्या मांजरीचं तोंड, आणि ती मांजर दोन्ही हातांनी माझ्या चेहऱ्यासमोर धरून उभ्या असलेल्या हौसामावशी. "वास बगा, बाई," त्या म्हणाल्या होत्या. मी वाकले, आणि त्या इवल्या जिवाच्या उच्छ्वासातून थेट कल्हईच्या भट्टीचा दर्प आला. मी दचकून मागे सरले. एवढ्याशा पोटात भट्टी कुठून पेटली, हे त्या अंगणातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. बारामतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला म्हणून मी आले आणि खोली शोधत जळोचीत हौसामावशींच्या दाराशी पोहोचले. नाव सांगायला मी तोंड उघडलं, तोच एक जाड, खरखरीत अंगठा माझ्या गालावर टेकला आणि डोळ्याची खालची पापणी खस्सकन खाली ओढली गेली. अंगठ्याला लोकरीच्या तेलकटपणाचा आणि लसणाचा वास होता. अनोळखी बाई आपल्या डोळ्याला हात घालते आहे, या धक्क्याने मला मागे सरकायचंही सुचलं नाही.

"पांढरं हाय," त्या ओसरीकडे बघून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "खोली मिळंल. पर रोज गूळ-शेंगदाणं खायाचं. माझ्या दारात फिक्कं जनावर मी ठिवत न्हाय."

ओसरीवर त्यांचे यजमान, आबा, सुतळी वळत बसले होते. ते हसले. "भिऊ नका, बाई. आमच्या लग्नात अंतरपाट खाली व्हायच्या आदी हिनं माझी पापणी बगितली व्हती."

"बगितली म्हणून तर माळ घातली," मावशी म्हणाल्या, आणि चुलीकडे गेल्या.

त्या मूळच्या इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीच्या. माहेर आणि सासर दोन्हीकडे मेंढरं होती. मेंढीच्या पोटात रक्त पिणारे जंत होतात, आणि लोकरीच्या आड जनावर किती खंगलं आहे ते बाहेरून दिसत नाही. दिसतं ते फक्त एका जागी, पापणीच्या आतल्या ओल्या पडद्यावर. तिथे डाळिंबी रंग असला तर जनावर ठणठणीत, फिकट गुलाबी असला तर औषधाची वेळ, आणि पांढरा असला तर उशीर. मावशींनी आयुष्यभर तो एवढासा पडदा वाचला होता. पुढे चराईची रानं उसाखाली गेली, मुलगा कारखान्यात लागला, कळप विकला गेला. जळोचीच्या तुकड्यात मेथी, वांगी आणि थोडी डाळिंबं आली. वाचायला मेंढरं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी माणसं वाचायला घेतली. पोस्टमन, बँकेचा साहेब, हळदीकुंकवाला आलेल्या बायका, कुणाचीही सुटका नव्हती. एकदा मोटारसायकलवरून मतं मागायला आलेल्या उमेदवाराची पापणी त्यांनी भर रस्त्यात ओढली आणि म्हणाल्या, "लाल हाय. निवडून आला न्हाय तरी जगंल."

त्यांच्या अंगात भटकंती इतकी मुरली होती की पक्क्या घरात त्या कधी झोपल्या नाहीत. बारा महिने अंगणात, वाऱ्याकडे तोंड करून, घोंगडी पांघरून त्या झोपत. पंगत बसली की प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत मोजणी करत. सुनेला हाक मारायच्या ऐवजी टाळूला जीभ लावून एक टक्‌कन आवाज काढत, आणि ती बिचारी खरोखरच परसातून धावत येई. जनावर मेलं, असा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्या म्हणत, "थांबलं." कळप चालतच राहतो, एखादं त्यात थांबतं. वाटेत एखादी मेंढी चालेनाशी झाली की जवळच्या वस्तीवर तिला सोपवायची, घरधनिणीच्या हातावर नारळ ठेवायचा, आणि मागं वळून बघायचं नाही, अशी त्यांची रीत होती. "वळून बगितलं की ती वरडती," त्या म्हणाल्या होत्या. ते सांगताना त्या वांगी चिरत होत्या, आणि विळीची लय जराही चुकली नव्हती. मीच तेवढी हादरले होते.

पुतण्यासाठी निरवांगीला मुलगी बघायला गेल्या, तेव्हा मला बरोबर नेलं. मुलगी पोहे घेऊन आली, खाली मान घालून बसली. मावशी उठल्या, तिच्या हनुवटीला हात लावला आणि पापणी ओढली. मुलीची आई पदर तोंडाशी नेऊन उभीच राहिली. "झ्याक हाय," मावशी म्हणाल्या. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, तोवर त्या वळल्या आणि नवऱ्या मुलाचीच पापणी त्यांनी ओढली. 

"ह्यो पांढरा हाय," त्यांनी जाहीर केलं. "आदी ह्याला खाऊ-पिऊ घाला, मंग पोरगी द्या."

"वैनी, तुमी कुनाच्या बाजूनं आलाय?" पुतण्याचा बाप ओरडला.

"रगताच्या," मावशी म्हणाल्या आणि पोह्यांची बशी पुढे ओढली.

त्या घरात पापणी ओढली जाऊ न देणारा एकच जीव होता, खंडी. वीस मेंढरांची एक खंडी होते. आबा कळप विकून रिकाम्या हातांनी घरी आले आणि मोजायला काहीच उरलं नाही, त्या दिवशी मावशींनी पायाशी घोटाळणाऱ्या मांजरीकडे बोट दाखवलं होतं. "ही माझी खंडी." तोवर तिला नावच नव्हतं. घोड्यावर लादलेल्या बिऱ्हाडात, घोंगड्यांच्या घडीत ती जन्मली होती. राखाडी अंग, पोटाखाली दुधाळ पांढरं, आणि डोळे शेंगेच्या कोवळ्या दाण्यासारखे हिरवे. मावशींच्या घोंगडीत तिची जागा ठरलेली असे. मावशींच्या अंगठ्याला मात्र ती नख्या दाखवत असे.

ती आजारी पडली ते आधी तिच्या तहानेवरून कळलं. ती पाण्याच्या भांड्यापासून हलेना. पिऊन झालं की चार पावलं जाई, परत येई. मग ती ओट्याखालचा चुना चाटू लागली, जोत्याचं सिमेंट चाटू लागली. दुपारच्या शांततेत तिच्या खरखरीत जिभेचा दगडावरचा आवाज येत राही, कुणी पाटीवरची अक्षरं पुसावीत तसा. पाठीचा कणा केसांतून उमटला. आणि एके दिवशी मावशींनी हात लावला, तेव्हा तिने नख्या काढल्याच नाहीत. पापणी निमूट ओढू दिली.

मीही वाकून पाहिलं. आत रंगच नव्हता. जाईच्या पाकळीसारखं, ओलं, कोरं पांढरं.

"जंत," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, उलट ओळखीचा शत्रू दिसल्याची उभारी होती. त्या दिवसापासून बकऱ्याचं काळीज आणवून, उकडून, बोटांनी कुस्करून त्या तिला भरवू लागल्या, रक्तासाठी. आणि जंताच्या औषधाचा दिवस ठरला. मेंढराला औषध पाजायचं तर आधी त्याला उपाशी आणि बिनपाण्याचं ठेवायचं, म्हणजे औषध लागू पडतं, हे त्यांच्या हातात पिढ्यांपासून मुरलेलं होतं. त्यांनी संध्याकाळीच पाण्याचं भांडं उचललं, रांजणावर पाट ठेवला, पाटावर वरवंटा.

"अगं, ती तहानलेली हाय," आबा म्हणाले.

"जंत तहान लावत्यात. तिला न्हाय, जंताला तहान लागलीया," मावशी म्हणाल्या. "सकाळपतूर दम धरा."

सकाळी खंडी रांजणाला पाठ लावून पडलेली होती. डोळे उघडे, मान ढिली. मावशींनी तिला उचललं, तोंडाशी नाक नेलं, आणि मला हाक मारली. नवसागराचा तो वास मला आला तो त्या वेळी.

शेजारचे तात्या भाजीवाले. त्यांचा टेम्पो बाजाराच्या भाजीसाठी उभा होता. त्यांनी मेथीच्या जुड्या उतरवल्या आणि आम्हाला बसवलं. मावशींना बारामतीतला कुणी डॉक्टर नको होता. त्यांना बावड्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर हवे होते. एके काळी मावशींचा कळप त्या डॉक्टरांनीच तपासलेला. वाटभर त्या खंडीला ठेवलेल्या टोपलीवर ओणव्या होऊन बसल्या. उसाच्या फडांवरून येणारा गोडसर, कुबट वारा आणि टोपलीतला तो दर्प एकमेकांत मिसळत होते.

डॉक्टरांनी खंडीच्या कातडीखाली सलाईन सोडलं. मग दोन्ही हातांच्या बोटांनी तिचं पोट चाचपत राहिले. 

"आक्का, ही पाणी किती प्यायची?"

"लई. म्हणून तर काल तोडलं. औषध पाजायचं व्हतं."

डॉक्टरांची बोटं थांबली. "रात्रभर?"

"व्हय. मेंढराला ठिवतो तसं."

"आणि खायला?"

"काळीज. रगत भरावं म्हणून."

डॉक्टर आढेवेढे न घेता बोलणारे होते, पण त्या क्षणी त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आक्का, हे जंत नाहीत. हिची मूत्रपिंडं वाळल्यात. हाताला चिंचोक्यासारखी लागतायत. लघवीतून जाणारं पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून ही पीत होती. पीत होती म्हणून जगत होती. पाणी तोडायला नको होतं. आणि काळजानं मूत्रपिंडांवरचं ओझंच वाढलं."

मी मावशींकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त तो अंगठा, आयुष्यभर पापण्या ओढणारा, त्यांनी दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरला. पांढरा रंग त्यांनी बरोबर वाचला होता, आणि त्याचा अर्थ चुकला होता. तो अर्थ मेंढरांचा होता. 

रक्त तपासायला डॉक्टरांनी नळी भरून दिली. ती बारामतीत माणसांचं रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतच द्यावी लागली. तिथल्या माणसाने नाव विचारलं, मावशींनी सांगितलं, खंडी. वय विचारलं, म्हणाल्या, चौदा. दुपारी निकाल घ्यायला गेलो तेव्हा तो माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला.

"मावशी, पेशंट कुठाय? एवढं कमी रक्त आणि एवढा युरिया असलेलं माणूस मी बघितलं नाही. ताबडतोब पुण्याला हलवा! ही पोरगी चालत आली होती का इथं?"

"न्हाय. टोपलीतनं आणली."

"टोपलीतनं?" त्याचा चेहरा उतरला. "कोण लागते तुमची?"

"लेक," मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून, "मांजर हाय."

तो धपकन खाली बसला. हसावं की रागवावं हे त्याला कळेना, आणि मलाही.

घरी आल्यावर मावशींनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. घरातली सगळी भांडी त्यांनी बाहेर काढली. परात, तपेली, तांबे, वाट्या, लोणच्याचं झाकण, जुनी घमेली. प्रत्येकात पाणी भरून अंगणभर मांडलं. चार पावलांवर कुठेही वळलं तरी खंडीला पाणी मिळावं. उन्हं कलली, आणि प्रत्येक भांड्यात एकेक सूर्य थरथरू लागला. सून दारात आ वासून उभी राहिली. आबांना दोनदा ठेच लागली.

"आता घरात जायाला होडी आणू का गं?" ते म्हणाले.

मावशी पुढचं भांडं भरत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी स्वतः पाण्याचा घोट घेतला नव्हता, हे मला सुनेने हळूच सांगितलं.

चार-सहा दिवसांत पाण्याने आणि सलाईनने खंडी उठून बसली. पण पापणी पांढरीच होती. पुन्हा बावड्याला गेलो. मावशींना एकच विचारायचं होतं. "जंत न्हाईत, तर रगत पितंय कोन?"

"कुणीच पीत नाही," डॉक्टर म्हणाले. "बनतच नाही. रक्त हाडांच्या आत बनतं, आणि ते बनव म्हणून सांगावा धाडतात मूत्रपिंडं. हिची वाळली, सांगावा बंद पडला. हाडं वाट बघत बसल्यात."

मावशी ऐकत होत्या. "मंग सांगावा आपुन धाडू."

"तसलं इंजेक्शन निघालंय, माणसांसाठी. पुण्यात मिळतं. पण माणसाचा सांगावा मांजराचं अंग थोडे दिवस ऐकतं, मग त्याच्याशी वैर धरतं. कधी कधी जे थोडं स्वतःचं बनत असतं तेही बंद पाडतं. माझी हिंमत नाही. दुसऱ्या मांजराचं रक्त देऊन बघता येईल. बरी होणार नाही ती. थोडे दिवस मिळतील."

मावशींनी तिथल्या तिथे पदर खांद्यावर सारून हात पुढे केला. "माझं घ्या. लाल हाय."

डॉक्टर हसले नाहीत. "माणसाचं चालत नाही, आक्का."

तात्यांकडे एक बोका होता, पैलवान नावाचा, वांग्याच्या पाट्यांवर झोपणारा, फाटक्या कानाचा. "घ्या रगत पैलवानाचं," तात्या म्हणाले, "पर पैलवान परत द्या." त्याला गोणपाटात गुंडाळून बावड्याला नेला. आधी डॉक्टरांनी काचेच्या पट्टीवर दोघांच्या रक्ताचे थेंब मिसळले आणि उजेडाकडे धरले. गुठळी झाली तर द्यायचं नव्हतं. आम्ही सगळे त्या थेंबावर वाकलो. "न्हाय नासलं," मावशी पुटपुटल्या, दुधाबद्दल बोलावं तशा.

पैलवानाने मात्र आकांत मांडला. तात्या, आबा आणि दवाखान्याचा शिपाई अशा तिघांनी त्याला धरलं. मानेवरचे केस भादरले, तेव्हा त्याने आबांच्या अंगठ्यात दात रुतवले. "चावला, चावला! ह्येला पैलवान म्हनत्यात व्हय, ह्यो तर वाघ हाय!" आबा ओरडले, आणि हात सोडला नाही. जाड सिरिंज हळूहळू गडद लाल भरत गेली. मग ते रक्त थेंबाथेंबाने खंडीच्या पायाच्या शिरेत गेलं. डॉक्टर मध्येमध्ये थांबून तिचा श्वास पाहत होते.

आणि मग मी ते पाहिलं, जे मला शब्दांत कधी नीट धरता आलं नाही. तिच्या हिरड्यांवर आधी काहीच नव्हतं. मग पेरूच्या गराचा पुसटसा गुलाबी आला. मग तो पसरत गेला, कानांच्या पातळ कडांपर्यंत. एका जिवाचा रंग दुसऱ्या जिवात चढताना दिसत होता.  मावशींनी पापणी ओढली, पाहिलं, आणि ती हळूच परत मिटून दिली.

त्यानंतरचे आठवडे अंगणाला सण होते. खंडी परातीवरून उडी मारी, केरसुणीवर झडप घाली, सुनेच्या पदराचे काठ ओरबाडी. चुना चाटणं थांबलं. काळजाची जागा मऊ भात आणि थोड्या अंड्याच्या पांढऱ्याने घेतली. मावशींनी पापणीला हात लावला की ती पुन्हा नख्या दाखवू लागली, आणि मावशी तो ओरखडा कौतुकाने सगळ्यांना दाखवत फिरत. माणसांच्या पापण्या ओढणं मात्र त्यांनी जवळपास सोडून दिलं होतं. पोस्टमन एकदा आपणहून गाल पुढे करून उभा राहिला. त्या म्हणाल्या, "रंग कळतो रं. पुढचं कळत न्हाय."

मग एका दुपारी जोत्यापाशी पुन्हा तो आवाज सुरू झाला. सिमेंटवर जीभ.

मला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. निघायच्या दिवशी माझी ट्रंक ओसरीवर होती, गाडी दुपारची होती. सकाळीच बावड्याचे डॉक्टर मोटारसायकलवरून जळोचीत आले. खंडीला आता टोपलीचा प्रवास सोसणार नव्हता. अंगणात चटई पसरली होती. मावशी मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर खंडी, ओल्या फडक्यासारखी सैल. आबांचा अंगठा अजून सुजलेला होता, तात्यांचा हात पैलवानाच्या टोपलीच्या झाकणावर होता, म्हणून बोका धरायला मला बसवलं.

"आज दिलं तर अजून थोडे दिवस काढेल," डॉक्टर सिरिंज जुळवत म्हणाले. "नाही दिलं तर आज-उद्या."

"मागल्याएवढं दिवस?" मावशींनी विचारलं.

"नाही. कमी."

"अन् त्याच्या पुढं?"

"पुन्हा बोका लागेल."

तात्यांनी झाकण काढलं. "घ्या की आक्का. पैलवान तयार हाय."

गोणपाटाची गरजच पडली नाही. तो माझ्या मांडीत आला तो स्वतःहून, आणि बसला. मी दोन्ही हातांनी त्याला घट्ट आवळला, धडपडीच्या तयारीने. धडपड झालीच नाही. त्याने हनुवटी माझ्या मनगटावर टेकवली. मागच्या वेळी भादरलेली मानेवरची जागा अजून भरली नव्हती. तिथली उघडी कातडी उन्हात फिकट, सुरकुतलेली दिसत होती, आणि तिच्याखाली त्याची नाडी माझ्या बोटांना लागत होती, पळत सुटल्यासारखी. इतक्या दांडग्या जनावराचं असं शरण येणं मला सोसेना. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा काढला. तो थंड, उग्र वास आमच्या मधोमध उभा राहिला.

मावशी आपल्या मांडीवरच्या मांजरीकडे बघत नव्हत्या. त्या पैलवानाकडे बघत होत्या. खूप वेळ. एक हात खंडीच्या पोटावर तसाच ठेवून त्यांनी दुसरा हात लांबवला, आणि त्या भादरलेल्या जागेवर तळवा झाकणासारखा ठेवला. डॉक्टरांचा बोळा हवेतच राहिला.

"आक्का," डॉक्टर हळूच म्हणाले, "विचार करा."

मावशींनी मान वर केली. त्यांचे डोळे कोरडे होते, आणि चेहरा इतका उघडा की मला बघवेना. डॉक्टरांना नाही, तात्यांना नाही, माझ्या आवळलेल्या हातांकडे बघत त्या मला म्हणाल्या,

"सोडा."